घामेजलेल्या हातांनी नर्सिंग कसं करायचं

जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं पहिलं वर्ष, मेडिकल वॉर्डातली पहिली पोस्टिंग. हातात टीपीआरचा (ताप, नाडी, श्वास यांचा) चार्ट आणि पलंगावर सत्तरीच्या एक आजी. त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागले. वीस-पंचवीस ठोके झाले असतील, तेवढ्यात आजींनी हात काढून घेतला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "पोरी, घाबरलीस का गं? मी काही एवढ्यात मरत नाही." आजूबाजूच्या चार पलंगांवर हशा पिकला.

मी घाबरले नव्हते. माझे तळहात असेच आहेत. चौथीत शाईच्या पेनाने लिहिलेलं पान कोपराखाली निळं व्हायचं, झिम्मा-फुगडीत मैत्रिणीचा हात सटकायचा, आणि बाराव्या वर्षापासून मी खिशात कायम दोन रुमाल बाळगते. नर्सिंगला येताना मात्र कुणी सांगितलं नव्हतं, की या धंद्यात हाताला एवढं काम आहे आणि त्यातलं निम्मं रबरी हातमोज्यातून करायचं आहे.

आता नोकरीला बारा वर्षं झाली. दरवर्षी विद्यार्थिनींच्या नव्या बॅचमध्ये एखादी तरी सापडतेच, हात सतत एप्रनला पुसणारी. कधी एखादा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्सही असतो. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मूळ मुद्दा एकच: आठ तास हात कोरडे ठेवायचा हट्ट सोडा. तो जमत नाही, आणि त्या नादात घाम वाढतोच. ड्युटीत कोरडा हात खरोखर लागतो तो थोडक्या वेळांना. त्या वेळा ओळखायच्या आणि तेवढ्या सांभाळायच्या.

पायरी पहिली: हा घाम कुठला, ते ठरवा

रुमाल-पावडर नंतर. आधी स्वतःची हिस्टरी घ्या, जशी पेशंटची घेता तशी.

पहिला प्रश्न: झोपेत घाम येतो का? माझ्यासारखा जन्माचा घाम झोप लागली की थांबतो. पहाटे आईने माझ्या हाताला हात लावला तर तो कोरडा ठणठणीत असायचा, आणि उठून पाच मिनिटांत पुन्हा ओला. याला प्रायमरी हायपरहायड्रोसिस म्हणतात. ओळखायची रीत अशी: दुसरं काही कारण नसताना सहा महिन्यांहून जास्त काळ ठरावीक जागी जास्तीचा घाम येतो, आणि पुढच्यापैकी निदान दोन गोष्टी जुळतात. दोन्ही बाजूंना सारखा येतो, आठवड्यातून एकदा तरी त्रास होतो, पंचविशीच्या आत सुरू झाला, घरात आणखी कुणाला आहे, झोपेत थांबतो, रोजच्या कामात अडथळा येतो. माझ्या सहाही जुळल्या. वडिलांचे हात तसेच; ते एसटीत कंडक्टर होते आणि तिकिटं फाडायच्या आधी बोटं पँटला पुसायचे.

दुसरा प्रकार वेगळा आणि तो अंगावर काढायचा नाही. घाम एकाएकी, मोठेपणी सुरू झाला; अंगभर येतो; रात्री कपडे बदलावे लागतात; सोबत वजन उतरतंय, खोकला आहे, बारीक ताप आहे. आपण टीबीच्या पेशंटजवळ उठबस करणारी माणसं, तेव्हा रात्रीचा घाम आणि खोकला म्हटलं की थुंकीची तपासणी आणि एक्स-रे आधी. छातीत धडधड, हाताला कंप, भूक वाढूनही वजन कमी, असं असेल तर थायरॉईड बघा. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही घाम वाढतो, तेव्हा चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

आणखी एक, जे नर्सेसमध्येच जास्त बघितलं आहे. नवरात्राचे किंवा चतुर्थीचे उपास, त्यात नाईट, आणि पहाटे चारला गार घाम येऊन डोळ्यांपुढे अंधारी. तो हायपरहायड्रोसिस नाही. ग्लुकोमीटर वॉर्डातच आहे, साखर बघा, आणि कमी असेल तर देव रागावणार नाही. गार घामासोबत छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं असेल तर ईसीजी. हे पेशंटला सांगतो तसं स्वतःलाही लागू आहे.

घाम तळहातालाच का, हे व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारतात म्हणून सांगून ठेवते. तळहात-तळपायांच्या घामग्रंथी गरमीपेक्षा मनाच्या ताणाला जास्त दाद देतात. त्यांना हुकूम देणाऱ्या नसा सिंपथेटिक, म्हणजे ताणाच्या वेळी आपोआप कामाला लागणाऱ्या, पण त्या नसांच्या टोकाला सुटणारं रसायन मात्र ॲसिटिलकोलिन. बाकीच्या सिंपथेटिक संस्थेत बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रिनलिन असतं, इथे अपवाद. हा अपवाद लक्षात ठेवा. पुढे औषधांच्या वेळी कामाला येईल.

पायरी दुसरी: कोरड्या हाताच्या वेळांची यादी करा

एका ड्युटीचा कागद घ्या आणि ओल्या हाताने काय-काय अडलं ते लिहा. माझी पहिल्या महिन्यातली यादी अशी होती: हजेरीच्या मशीनवर अंगठा लागत नाही. निर्जंतुक ग्लोव्ह चढत नाही. अँप्युल (औषधाची काचेची बंद कुपी) निसटते. कॅन्युलाची (सलाईनसाठी शिरेत घालायच्या नळीची) चिकटपट्टी ग्लोव्हला चिकटते, पेशंटला नाही. नाडी. रजिस्टर. बास. आठ तासांत सहा वेळा. बाकी वेळ, म्हणजे बेड करताना, पेशंटला वळवताना, राऊंडला उभं राहताना हात ओला असला तर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

ग्लोव्हजवर जरा थांबते, कारण नव्या मुली रडतात त्या इथेच.

हात ओला असेल तर बोटं ग्लोव्हच्या तोंडाशीच अडकतात, अंगठा करंगळीच्या जागी जातो आणि ओढायला गेलं की फाटतो. मागे ट्यूटर उभ्या असतात. मग घाम आणखी. यावरचा उपाय कामाच्या क्रमात आहे. आपल्याला शिकवतात हात धुवा, मग तयारी करा. घामट हाताच्या माणसाने सगळी तयारी आधी उरकायची: ट्रे लावायचा, पेशंटला समजावायचं, पडदा ओढायचा, ग्लोव्हचं बाहेरचं पाकीट सोलून आतला कागद उघडून ठेवायचा. हातांची स्वच्छता अगदी शेवटी, ग्लोव्हच्या लगेच आधी. तयारीच्या आधी हात धुवायचे असतील तर जरूर धुवा, पण ग्लोव्हच्या आधीचा हँडरब, म्हणजे हातावर चोळायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर, वेगळा.

हँडरब तळहातभर घ्या आणि 20 ते 30 सेकंद नीट चोळा. तो पूर्ण वाळू द्या. अर्धवट ओल्या हँडरबवर ग्लोव्ह चढत नाही आणि आतली कातडी जळजळते. अल्कोहोल उडून गेलं की मला साधारण पंधरा सेकंद मिळतात. पंधरा सेकंद हात खरोखर कोरडा असतो. तेवढ्यात ग्लोव्ह चढला पाहिजे. पाकीट आधीच उघडं का ठेवायचं, ते आता कळलं असेल. माझा वेळ मी घड्याळ लावून मोजला होता. तुमचा दहा सेकंद असेल नाहीतर चाळीस, पण मोजा.

साबणाने धुवायचे तर 40 ते 60 सेकंद, पाणी साधं किंवा गार. कढत पाण्याने हात तापतो, पुन्हा पाझरतो, आणि कातडीही खराब होते. पुसायला कागदी टॉवेल असेल तर उत्तम. बोटांच्या बेचक्या विसरू नका, ग्लोव्ह तिथेच अडतो.

अर्धा नंबर मोठा ग्लोव्ह मागा. साडेसहा बसत असेल तर सात घ्या. फार ढिला नको, सुई पकडताना टोकाशी सुरकुती येते. बोटं आत गेली नाहीत तर ओढाताण करू नका. दुसरा ग्लोव्ह चढवून झाला की त्या हाताने बाहेरून निर्जंतुकपणे सारखा करता येतो, लॅबमध्ये शिकवतात तसाच. आणि ग्लोव्हमध्ये फुंकर मारू नका! मी मारली होती, दुसऱ्या वर्षाला, सगळ्यांदेखत. ट्यूटरनी शांतपणे नवीन पाकीट पुढे केलं आणि म्हणाल्या, "आता तुझ्या तोंडातले जंतू पण आत गेले."

घरची पावडर ग्लोव्हमध्ये घालू नका. पावडरवाले ग्लोव्ह घालायला सोपे हे खरं, पण ती पावडर जखमेत पडते, हवेत उडते. अमेरिकेत 2017 पासून ते वापरायला बंदी आहे. आपल्याकडे अजून सर्रास दिसतात. मिळतील तेव्हा पावडरशिवायचे नायट्राईल (लॅटेक्स नसलेले) घ्या. ग्लोव्ह काढल्यावर हातांना खाज, पुरळ, भेगा असतील तर तो घामाचाच त्रास आहे असं धरून बसू नका, लॅटेक्सची, म्हणजे ग्लोव्हच्या रबराची ॲलर्जीही असू शकते, आणि ती वाढत जाते. स्किन ओपीडीत दाखवा.

ग्लोव्हच्या आत घाम साचला की बदला. एका पेशंटचे दुसऱ्याला वापरायचे नाहीत हे तर आहेच, पण एकाच पेशंटचं काम लांबलं तरी आत पाणी झाल्यावर पकड जाते. ग्लोव्ह न काढता वरून सॅनिटायझर चोळून "फ्रेश" करायची सवय कोविडनंतर बऱ्याच जणांना लागली आहे. ती सोडा. काढल्यावर हात धुवा, कारण ओल्या, गरम हातावर जंतू भराभर वाढतात.

आता अँप्युल. ओल्या चिमटीत काच फिरते आणि मान नको तिथे तुटते. मानेभोवती गॉजचा तुकडा गुंडाळा, दुसरा बुडाशी धरा. ठिपका असेल तर तो आपल्याकडे, अंगठा त्याच्यावर, आणि मान पलीकडे मोडा. गॉज हवाच, हात कोरडा असला तरी.

कॅन्युला लावताना मायक्रोपोरच्या (कागदी चिकटपट्टीच्या) तीन पट्ट्या ग्लोव्ह घालायच्या आधी कापून स्वच्छ ट्रेच्या कडेला एका टोकाने लटकवून ठेवा. पेशंटची कातडीही घामाने ओली असते, मे महिन्यात तर असतेच. स्पिरिट लावल्यावर ते वाळेपर्यंत थांबलात तर पट्टी दोन दिवस टिकते, नाहीतर संध्याकाळच्या सिस्टर तुमच्या नावाने शंख करतात.

हात निसरडे असलेल्या माणसाने सुईला पुन्हा टोपण लावायचा विचारही करायचा नाही. थेट सुई कापायच्या कटरमध्ये किंवा टोकदार कचऱ्याच्या पांढऱ्या डब्यात. तरी टोचलीच तर दाबून रक्त काढायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं, इनचार्ज सिस्टरना लगेच सांगायचं आणि पीईपीसाठी (एचआयव्हीची लागण टाळायच्या औषधांसाठी) जायचं. पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत, फार तर 72 तासांच्या आत. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलेली मुलगी मी बघितली आहे. हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी पूर्ण करून टाका.

नाडी बघायच्या आधी बोटं गॉजला टिपायची, एप्रनला नाही. आणि पेशंटला एक वाक्य सांगून टाकायचं: "आजी, माझे हात जरा ओलसर असतात, जन्माचेच आहेत." माझ्या अनुभवात यावर कुणी तोंड वाकडं करत नाही. उलट शेजारच्या पलंगावरून हमखास आवाज येतो, "माझ्या सुनेचे पण असेच आहेत."

रजिस्टर आणि केअर प्लॅनसाठी बॉलपेन. जेलपेन विसरा. लिहिणाऱ्या हाताखाली जाड कागदाचा तुकडा सरकवत न्यायचा. लेखी परीक्षेत तेच काम साधा पांढरा रुमाल करतो, फक्त बसल्याबसल्या तो झटकून पर्यवेक्षकांना दाखवा म्हणजे मध्येच उठवणार नाहीत. अंगठ्याच्या मशीनला माझ्याकडे इलाज नाही. पँटला पुसा, फुंकर मारा, तर्जनी लावून बघा. आमच्याकडे एका महिन्यात माझे सात लेट मार्क लागले, ते काढून घ्यायला तीन अर्ज करावे लागले. दोन-तीन बोटांची नोंद करून घेता येते. पहिल्याच दिवशी करून घ्या.

पायरी तिसरी: काखा, पाठ, पाय

डिओ आणि अँटीपर्स्पिरंट यांत फरक आहे आणि डब्याच्या मागे लिहिलेला असतो. डिओ वास झाकतो. घाम कमी करतं ते ॲल्युमिनियमचे क्षार असलेलं अँटीपर्स्पिरंट. उग्र वासाचा डिओ मारून वॉर्डात जाऊ नका, दम्याच्या पेशंटला त्याचा त्रास होतो.

अँटीपर्स्पिरंट सकाळी अंघोळीनंतर घाईत लावलं तर निम्मं वाया. रात्री झोपताना, काखा पूर्ण कोरड्या करून लावायचं आणि सकाळी धुवून टाकायचं. घाम थांबलेला असताना औषध ग्रंथीच्या तोंडाशी बसतं. ओल्या कातडीवर लावलं की आग होते. काखेतले केस काढले त्या रात्री लावू नका. नेहमीच्याने भागलं नाही तर डॉक्टर 20 टक्क्यांपर्यंतचं ॲल्युमिनियम क्लोराईड लिहून देतात: आधी रोज रात्री, फरक पडला की आठवड्यातून एक-दोनदा. काखेत छान चालतं. तळहातावर त्यामानाने कमी, तिथली कातडी जाड. आजीची तुरटीही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे, म्हणजे म्हातारी अगदीच चुकीची नव्हती, पण जोर कमी.

युनिफॉर्म शिवताना कापडावर भांडा. टेरिकॉट इस्त्रीला बरं, अंगाला वाईट. कॉलेजने ठरवून दिलेलं कापड तेच असेल तर आत पूर्ण सुती बनियन किंवा स्लिप घाला, ती दुपारी बदलता येते. बॅगेत एक जादा ठेवा.

पायांचं मात्र मनावर घ्या. बंद बूट, नायलॉनचे मोजे, बारा तासांची नाईट. तळव्यांना बारीक खड्डे पडून कुजकट वास येतो, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होते. बुटांचे दोन जोड, आलटून पालटून. काढलेल्या जोडात वर्तमानपत्राचे बोळे, एक दिवस पूर्ण वाळू द्यायचा. सुती मोजे, ड्युटीच्या मध्यात बदलायचे. होस्टेलच्या पावसाळ्यात मोजे वाळत नाहीत म्हणून सहा-सात जोड लागतात. आईला सांगा, लाडवांचा डबा लहान कर आणि मोजे पाठव.

जांघेत किंवा काखेत गोल, खाजरा चट्टा आला तर तो गजकर्ण. मेडिकलमधून "मिक्स क्रीम" आणू नका. त्यात बऱ्याचदा तीव्र स्टेरॉईड असतं. चार दिवस खाज थांबते, मग चट्टा दुप्पट होऊन परत येतो आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. नर्सिंग होस्टेलात एक ट्यूब सहा जणींत फिरते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

पायरी चौथी: चेहरा, ओटी, पीपीई

कपाळावरून घाम गळणाऱ्यांसाठी ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) टोपीखाली सुती पट्टी. स्क्रब झाल्यावर, म्हणजे ऑपरेशनसाठी हात निर्जंतुक केल्यावर घाम आला तर हात वर न्यायचा नाही. टेबलापासून मान वळवून फ्लोअरच्या सिस्टरना सांगायचं, त्या मागून गॉजने टिपतात. सर्जनचा टिपतातच की. थेंब निर्जंतुक जागेत पडला असं वाटलं तर बोलायचं, तेवढा भाग बदलतात.

2020 मध्ये कोविड वॉर्डात सहा-सहा तास कव्हरऑल घालून काढले. ग्लोव्ह काढताना बोटांच्या टोकांतून पाणी ओतलं जायचं, आणि त्या वर्षी पहिल्यांदा सगळ्यांचेच हात माझ्यासारखे झाले. तेव्हा शिकलेलं एक: दुहेरी ग्लोव्हमध्ये आतला अर्धा नंबर मोठा घ्यायचा.

पायरी पाचवी: पाणी

घाम कमी यावा म्हणून पाणी तोडणाऱ्या मुली असतात. घाम कमी होत नाही, डोकं धरतं आणि लघवीला जळजळ सुरू होते. खरं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं: वॉर्डात स्टाफसाठी धड बाथरूम नसतं, म्हणून पाणीच प्यायचं नाही. यावर इनचार्जशी भांडलं पाहिजे, आणि एकटीने नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा पाणी जवळच हवं. मुंबई-कोकणात पारा कमी पण हवा इतकी दमट, की आलेला घाम वाळत नाही आणि अंग गार होत नाही. जास्त घामाच्या दिवशी ओआरएसचं पाकीट, एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच. अर्धं पाकीट ग्लासात टाकून अंदाजपंचे नको, पेशंटच्या आयांना यावरून आपणच रागावतो. चहा दोन कपांवर थांबवून बघा. कॅफिनने काहींचा घाम वाढतो. माझा वाढतो, तरी नाईटला मी पिते.

पायरी सहावी: डॉक्टर, आणि कुठवर जायचं

सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढा. आपल्याच हॉस्पिटलात दाखवायला लाजू नका.

तळहातांसाठी मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो आयन्टोफोरेसिसचा. दोन उथळ ट्रे, त्यात नळाचं पाणी, पाण्यात हात, आणि मशीनमधून 15 ते 20 मिलीअँपिअरचा सौम्य प्रवाह. एका वेळी वीस-तीस मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, मग फरक टिकवायला आठवड्यातून एकदा. मुंग्या येतात. अंगठी काढून ठेवायची, चिरलेल्या जागी व्हॅसलीन लावायचं नाहीतर झिणझिण्या बसतात. गरोदर असाल, पेसमेकर किंवा अंगात धातूचा इम्प्लांट असेल तर नाही. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही म्हणून मी सोडणार होते. तिसऱ्या आठवड्यात एकदा मोबाईलचं कुलूप अंगठ्याने पहिल्या झटक्यात उघडलं.

गोळ्यांत ग्लायकोपायरोलेट आणि ऑक्सिब्युटिनिन. ओटीत भूल द्यायच्या आधी तोंड कोरडं पडावं म्हणून देतात तेच ग्लायको. ॲसिटिलकोलिनला अडवतं, म्हणून घामही अडतो. वर सांगितलेला अपवाद आठवला का? त्यासोबत घसा सुकतो, बद्धकोष्ठ होतं, धूसर दिसतं, लघवी अडू शकते. काचबिंदू असणाऱ्यांना चालत नाही. आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम अडवणं म्हणजे अंगाची थंड व्हायची वाट बंद करणं, उष्माघाताचा धोका. डॉक्टरांना आपलं गाव आणि ड्युटीच्या वेळा दोन्ही सांगा. ओटीच्या ट्रॉलीतली अँप्युल स्वतःवर वापरून बघायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. नोकरी जाईल, आणि ते योग्यच होईल.

बोटॉक्स काखेत चांगलं चालतं, सहा महिन्यांच्या आसपास टिकतं, पण खर्चिक. तळहातात देताना फार दुखतं आणि काही काळ चिमटीची ताकद कमी होऊ शकते. आपलं काम चिमटीचंच आहे, तेव्हा मी घेतलं नाही. छातीतली नस कापायची दुर्बिणीची शस्त्रक्रियाही आहे. हात कायमचे कोरडे होतात, पण बऱ्याच जणांचा तोच घाम पाठ, पोट, मांड्यांवर फुटतो आणि ते परत फिरवता येत नाही. सगळं करून थकल्यावरच, आणि हा बदललेला घाम सोसणाऱ्या कुणाशी तरी बोलूनच ठरवा.

पायरी सातवी: सांगायचं कुणाला, कधी

ट्यूटरना पहिल्याच आठवड्यात सांगा, वेगळं गाठून. नाव घेऊन सांगा. "मॅडम, हाताला घाम येतो" म्हटलं की "सगळ्यांनाच येतो" हेच उत्तर मिळतं. "मला हायपरहायड्रोसिस आहे, स्किनला दाखवलं आहे" म्हटलं की केसपेपर बघायला मागतात आणि पुढची तीन वर्षं सोपी जातात. मी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या माझ्या शेऱ्यात "आत्मविश्वासाचा अभाव, हात थरथरतात" असं लिहिलेलं आहे. हात थरथरत नव्हते, ग्लोव्ह सटकत होता.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मला ड्रेसिंग आलं. एक्स्टर्नल मॅडम दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. ट्रे लावला, पाकीट उघडलं, हँडरब घेतला आणि चोळताना म्हटलं, "मॅडम, मला पामर हायपरहायड्रोसिस आहे, हे पूर्ण वाळेपर्यंत थांबते आणि मग ग्लोव्ह घालते." त्यांनी मान डोलावली. ग्लोव्ह दोन्ही पहिल्या फटक्यात चढले. ड्रेसिंग झालं. व्हायव्हाला बसले तर त्यांनी सर्जरीची पानं बाजूला सारली आणि म्हणाल्या, "बरं, मग त्याची औषधं सांग." मी ॲल्युमिनियम क्लोराईडपासून सुरुवात केली. ग्लायकोपायरोलेटपाशी आले तेव्हा त्यांनी पेन वर केलं.

"मेकॅनिझम?"

रुमालाची घडी मुठीत होती, पार भिजलेली. पण उत्तर कधीचंच पाठ होतं.